खाज म्हणू नका, दुखापत म्हणा!

नागपूरजवळच्या बुटीबोरीचा हात एकदा उजेडात धरून पाहाच, असं आमचं राज्याच्या कामगार खात्याला जाहीर आव्हान आहे. फीत कापणारा हात नव्हे. गुंतवणुकीच्या करारावर सही करताना कॅमेऱ्यापुढे थबकणारा हातही नव्हे. पहाटे वर्ध्याकडून, हिंगणघाटकडून, उमरेडकडून मिळेल त्या गाडीला लोंबकळत येणारा आणि पहिल्या पाळीला एमआयडीसीच्या गेटातून आत जाणारा हात. पालथा नको, उताणा धरा. मे महिन्यातली काळी रेगडी पाहिली आहे ना? ओल उडाली की जमीन उकलते आणि भेगेत अख्खं बोट जातं. तेच शेत तळहातावर दिसेल. बोटांच्या पेरांवर आडव्या चिरा, अंगठ्याच्या बुडाशी निघालेलं सालपट, बेचक्यांत सुटलेलं पाणी. त्या भेगांना कंटाळून ज्या शेतकऱ्याच्या पोरानं कारखान्याची वाट धरली, त्याच्या मागोमाग रेगडी एमआयडीसीत आली आणि हातावर बसली.

आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या तळहात समोर धरून लक्ष्मीचं दर्शन घ्यायची रीत आहे. बुटीबोरीतल्या कामगारानं सकाळी हात उघडले की आधी रात्रीत धरलेली खपली फुटते. लक्ष्मी त्या हातातून कधीच पुढे गेलेली असते. कोणाच्या घरी, ते सांगायला ज्योतिषी नको.

आणि याला बुटीबोरीत म्हणतात काय, तर ‘खाज’! सुपरवायजर खाज म्हणतो, ठेकेदार खाज म्हणतो, मेडिकलवाला खाज म्हणून तीन औषधांची खिचडी असलेली ट्यूब हातावर ठेवतो. कामगारही खाली मान घालून खाजच म्हणतो. एखादा शहाणा ‘खरूज’ म्हणून मोकळा होतो. मग त्या माणसाच्या शेजारी डबा उघडायला कोणी बसत नाही. हे लाजेचं पांघरूण आम्ही आज ओढून काढणार आहोत. ही खाज नाही, अस्वच्छता नाही, रक्त बिघडल्याची खूण नाही. ही दुखापत आहे. यंत्रात बोट सापडणं जशी दुखापत, तशीच ही. यंत्र एका क्षणात बोट नेतं. कूलंट, थिनर, ओलं सिमेंट, रेझिन हे सगळे मिळून तेच काम सावकाश, पगारी दिवसांच्या हप्त्यांनी करतात. पहिल्या प्रकारात निदान आरडाओरडा होतो.

पाळी सुटताना नळावर जाऊन उभे राहा. दिवसभर ग्रीस आणि कटिंग ऑइलमध्ये बुडालेले हात पाण्यानं निघत नाहीत. मग कपडे धुवायची पावडर येते, तिच्यात लाकडाचा भुसा कालवला जातो आणि भांडी घासावीत तसे हात घासले जातात. तेही जमलं नाही तर चिंध्यांचा बोळा थिनरमध्ये बुडवायचा. मळ जातो, शंकाच नाही. पण कातडीचा वरचा थर म्हणजे सारवलेली भिंत. तिच्यातलं तेलकट द्रव्य हेच तिचं सारवण. थिनरनं ते रोज उतरवायचं, भुशानं रोज खरवडायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या उघड्या भिंतीवर पुन्हा रसायन ओतायचं. भिंत पडणार नाही तर काय होईल? हात धुण्याची पुरेशी आणि योग्य सोय कारखान्यात करा, हे १९४८ च्या कारखाने कायद्याचं ४२ वं कलम सांगत होतं. थिनरचा बोळा ही त्या कलमाची बुटीबोरी आवृत्ती समजायची काय?

हाताच्या त्वचेचा हा दाह दोन वाटांनी येतो. एक वाट झिजेची: साबण, पाणी, तेल, द्रावक यांनी कातडी सोलत जाणं. कामावरची बहुतेक दुखणी याच वाटेनं येतात. दुसरी वाट जास्त खुनशी. एखाद्या पदार्थाशी शरीराचं वैर जडतं: इपॉक्सी रेझिन, निकेल, क्रोमियम, आणि गंमत पाहा, ज्या रबरी हातमोज्यानं वाचायचं त्या रबरातलीच रसायनं. वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि एके दिवशी वैर जडलं की बहुधा जन्मभर सुटत नाही. मग तो पदार्थ चिमूटभर लागला तरी हात पेटतो, तोही लगेच नव्हे; एक-दोन दिवसांनी. सोमवारी रेझिन लागलं आणि बुधवारी बोटं सुजली, तर बिचारा दोष देतो मंगळवारी खाल्लेल्या वांग्याला. ठेकेदार मान डोलावतो. वांगं ठेकेदाराला फार सोयीचं आहे.

शोध लावायची सोय आहे. पॅच टेस्ट म्हणतात तिला. संशयित पदार्थांच्या चिकटपट्ट्या पाठीवर लावायच्या, दोन दिवस ठेवायच्या, काढून पाहायच्या आणि पुन्हा चौथ्या दिवसाच्या सुमाराला पाहायच्या. इतकं सोपं. पण तेवढे दिवस पाठ कोरडी हवी. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली पाठ कोरडी ठेवायची म्हणजे कामावर जायचंच नाही. नागपूरच्या तीन खेपा, तीन दिवसांची रोजी बुडीत, शिवाय ‘सारखा दांड्या मारते’ हा शिक्का वेगळाच. म्हणून टेस्ट होत नाही, म्हणून कारण सापडत नाही, म्हणून ती ‘खाज’ राहते.

सिमेंटचं उदाहरण घ्या. बुटीबोरीत शेड उभी राहते, फाउंडेशन ओतलं जातं, तिथे गवंडी आणि बिगारी ओल्या सिमेंटमध्ये मनगटापर्यंत असतात. सिमेंट क्षारामुळे कातडी जाळतं, ते वेगळं; त्यात सहा-संयुजी क्रोमियम असतं, ते वैर जडवतं. यावर उपाय काय, कोणतं मोठं यंत्र, कोणतं परदेशी पेटंट? हिराकस! आमच्या आज्या ज्या हिराकसानं काळा रंग आणि शाई करायच्या, ते आयर्न सल्फेट सिमेंटमध्ये मिसळलं की क्रोमियमची नांगी मोडते. डेन्मार्कनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे केलं आणि तिथल्या बांधकाम मजुरांमधलं क्रोमियमचं दुखणं ओसरलं. २००५ पासून सगळ्या युरोपीय संघात सिमेंटमधल्या अशा विरघळणाऱ्या क्रोमियमवर दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा आली. आमच्या गोणीवर मजबुतीचे हत्ती-वाघ छापलेले असतात. ती गोणी ज्या हातांनी रिकामी होते त्या हातांबद्दल तिच्यावर एक ओळ आम्ही कधी वाचलेली नाही.

आता कोणी म्हणेल, कातडीच ती, एवढं काय? माणूस मरत तर नाही! या ‘मरत तर नाही’वरच आमचा संताप आहे. कारखान्यातलं काम म्हणजे नव्वद टक्के मूठ आणि चिमूट. वॉशर उचलणं, नट फिरवणं, धाग्याची गाठ मारणं, बाटलीचं बूच बसवणं, पत्र्याची धार चाचपणं. हे हाडांचं काम वाटतं. करते ते कातडी. बोटाच्या टोकाची कातडी जाड, कोरडी झाली की वॉशर एक आहे की दोन चिकटलेले, हे कळत नाही. पेरावर चीर पडली की बोट वाकवताना ती उघडते, म्हणून माणूस बोट सरळ ठेवूनच पकडायला शिकतो; पकड सुटते, स्पॅनर पायावर पडतो. मग तो ‘हलगर्जी’ ठरतो. तासाला अमुक नग हा हिशेब सांभाळताना तो मागे पडतो. मग ‘आळशी’ ठरतो. शेवटी त्याला लाइनवरून काढून झाडूवर घालतात, किंवा उद्यापासून येऊ नको म्हणतात. ‘हात खराब झाला म्हणून काढला’ असं कुठल्याच कागदावर येत नाही. ‘काम समाधानकारक नाही’ असं येतं, आणि तेही कागद असला तर.

घरी काय होतं ते कारखान्याच्या हिशेबात कधीच नव्हतं. तर्री-भाकरीवर वाढलेल्या माणसाला चिरेत तिखट जातं म्हणून चमच्यानं वरण-भात खावा लागतो. लेकराच्या गालावरून हात फिरवला तर ते रडत दूर होतं, कारण बापाचा हात काचपेपर झालेला असतो. आणि बाईमाणूस असेल तर तिला वेगळंच ऐकावं लागतं: ‘कंपनीमुळं नाही, तू घरी भांडी घासतेस म्हणून झालं.’ वा रे न्याय! आठ तास कंपनीची रसायनं निर्दोष, आणि अर्ध्या तासाचा घरचा साबण गुन्हेगार.

हातमोजे देतो ना आम्ही, असं मालकवर्ग छाती काढून सांगेल. देता. एकाच मापाचे, घाऊक. मोठ्या मोज्यात लहान हात घसरतो, लहान मोज्यात मोठा हात कोंडतो. फाटला की नवा कधी मिळेल याची तारीख नाही. आणि जो मोजा तेलाला चालतो तो थिनरला चालेलच असं नाही. काही द्रावकं पातळ रबर पार करून आत शिरतात आणि मग मोजाच त्यांना कातडीशी दाबून धरतो. जर्मनीत पाळीत दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहणं किंवा हवाबंद मोज्यात कोंडलेले राहणं, दोन्हीही ‘ओलं काम’ म्हणून बरीच वर्षं एकाच धोक्याच्या खात्यात मोजलं जायचं. आम्ही मे महिन्यात आठ तास रबरात घाम शिजवतो आणि त्याला सुरक्षा म्हणतो.

या सगळ्यावर कडी केली ती अंगठ्याच्या मशीननं. गेटवर हजेरीचं मशीन आहे. कातडी सोलली, रेषा झिजल्या, चिरांनी ठसा तुटला, की मशीन ओळखत नाही. माणूस अंगठा पँटला पुसतो, ओला करतो, तर्जनी लावतो, मधलं बोट लावतो. मागे रांग ओरडते, ‘अबे सरक ना!’ आत दिवसभर राबला तरी हजेरीत तो नसतो. संध्याकाळी रेशन दुकानात जातो, तिथल्या ई-पॉस मशीनलाही तोच अंगठा लागत नाही. याच्या बापाला लिहिता येत नव्हतं म्हणून जगानं अंगठाछाप म्हणून हिणवलं. पोरगा शिकला, झोकात सही करतो. तर सहीला आता कोणी विचारत नाही, अंगठा मागतात, आणि अंगठ्यावर छापच उरलेला नाही! ज्या कारखान्यानं रेषा पुसल्या, त्याच कारखान्याच्या गेटावर ‘तू कोण?’ म्हणून विचारणारं यंत्र लावायचं, याला काय म्हणावं?

आता कायद्याकडे वळू, कारण कायदा नाही अशी बोंब मारायची आमची तयारी होती. पण कायदा आहे, आणि म्हणूनच राग दुप्पट आहे. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती. रसायनं आणि रंग यांच्या थेट संपर्कानं होणारा त्वचादाह त्या यादीत आहे. खनिज तेलामुळे येणारा दाह आहे. क्रोमचे व्रण आहेत. त्या कायद्याचं ८९ वं कलम म्हणायचं, असा रोगी दिसला की व्यवस्थापकानं कळवायचं. डॉक्टरनं मुख्य निरीक्षकाला विनाविलंब लेखी अहवाल द्यायचा. अहवाल खरा ठरला तर त्या डॉक्टरला फी द्यायची आणि ती कारखानदाराकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची, इतकी बारीक व्यवस्था करून ठेवली होती. आणि डॉक्टरनं नाहीच कळवलं तर? दंड होता, जास्तीत जास्त एक हजार रुपये. क्रोमियमचा मुलामा देण्याच्या कामासाठी तर कारखाने नियमांत मलम आणि पाणी न शिरणारी पट्टी वेगळ्या डब्यात, कामगाराच्या हाताशी ठेवा इथपर्यंत लिहिलं होतं. संसदेनं २०२० साली या कायद्यांची मोट नव्या संहितांत बांधली, २०२५ मध्ये त्या लागू झाल्या, रोगांची यादी तिथेही गेली. यादी कधीच हरवली नव्हती. हरवला आहे तो यादी उघडणारा माणूस.

पण खरा घाव पुढे आहे, आणि तो पैशांचा आहे. कामगाराच्या पगारातून कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी दरमहा पाऊण टक्का कापला जातो. हात सोलला म्हणून तो रजेवर गेला आणि कागदावर ‘खाज’, ‘त्वचारोग’, ‘एक्झिमा’ एवढंच आलं, तर तो साधा आजारी. साध्या आजाराला सरासरी रोजीच्या ७० टक्के, तेही वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत. तोच हात ‘कामामुळे’ सोलला असं लिहिलं, तर ती कामावरची दुखापत. मग ९० टक्के, आणि अपंगत्व असेतोवर. ९१ दिवसांची भिंत नाही. रोजी ५०० धरा. एका शब्दानं ३५० चे ४५० होतात. डॉक्टरच्या पेनातला एक शब्द, रोजचे शंभर रुपये! आणि हा शब्द लिहायला डॉक्टरनं काही मोठं संशोधन करायचं नाही. १९४८ च्या राज्य विमा कायद्याचं ५२-अ कलम म्हणायचं, अनुसूचीतलं काम आणि अनुसूचीतला रोग जुळला की उलट सिद्ध होईपर्यंत ती कामावरची दुखापतच समजायची. म्हणजे संशयाचा फायदा कामगाराला. बुटीबोरीत तो वांग्याला मिळतो.

इथे एक मेख आहे आणि ती आम्ही मोठ्या अक्षरात दाखवणार. रासायनिक आणि इतर कारणांनी होणारे त्वचारोग अनुसूचीच्या ‘ब’ भागात येतात, आणि त्या भागासाठी सलग सहा महिने काम झालेलं असावं लागतं. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात तर कंस टाकून बजावलं होतं की त्याच प्रकारच्या कामातली दुसऱ्या मालकाकडची नोकरी या सहा महिन्यांत धरायची नाही.  कंस लिहिला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नसेल. आज? बुटीबोरीत माणूस तोच, शेड तीच, मशीन तेच, ड्रममधलं रसायन तेच. ठेकेदाराचं नाव मात्र बदलतं. नोकरीचे हक्क लागू करणारे दोनशे चाळीस दिवस भरू नयेत म्हणून ‘ब्रेक’ देतात, परत घेताना दुसऱ्याच एजन्सीच्या कागदावर घेतात. कायद्याच्या डोळ्यांत तो नवा मालक, म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून. हात मात्र मोजणी विसरत नाही. त्याला पहिल्या ठेकेदाराचं थिनरही आठवतं आणि तिसऱ्याचंही.

आणखी एक तक्ता वाचा. भरपाईच्या अनुसूचीत कापलेल्या अवयवांचे भाव ठरलेले आहेत. अंगठा गेला, कमाईची ताकद ३० टक्के गेली. अख्खी तर्जनी गेली, १४ टक्के. भाव क्रूर असले तरी निदान लिहिलेले आहेत. अंगठा जागेवर आहे, तर्जनी जागेवर आहे, पण दोघांत मिळून एक नट धरवत नाही, या अवस्थेची ओळ त्या तक्त्यात सापडणार नाही. त्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं आणि तिथे जायला पुन्हा तोच शब्द लागतो, जो कोणी लिहिलेला नाही. एकलव्याचा अंगठा मागितला त्याची कथा तरी झाली. इथे अंगठा न कापता निकामी केला जातो आणि गुरुदक्षिणेची पावतीही कोणी देत नाही.

इटलीतल्या मोदेना गावच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं १७०० साली कष्टकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि आपल्या धंदेबंधूंना बजावलं, की रोग्याला बाकीचे प्रश्न विचारता तसं ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारा. सव्वातीनशे वर्षं झाली. बुटीबोरीहून सकाळी निघून नागपूरच्या सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयापर्यंत किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीपर्यंत पोहोचलेल्या माणसाला वय विचारतात, साखर विचारतात, घरात कोणाला आहे का विचारतात. डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही असं म्हणण्याची पद्धत आहे, आम्ही देतो. रांग मोठी असते, मान्य. पण तो प्रश्न चार शब्दांचा आहे, आणि त्याचं उत्तर लिहायला आणखी चार लागतात. ते आठ शब्द न लिहिण्यानं कोणाचा फायदा होतो, हे न कळण्याइतकं वैद्यकीय शिक्षण अपुरं नसावं.

तेव्हा आमची मागणी नव्या योजनेची नाही, नव्या महामंडळाची नाही, जागृती सप्ताहाची तर मुळीच नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं बुटीबोरीतल्या कारखान्यांकडून गेल्या पाच वर्षांत त्वचादाहाच्या किती सूचना ८९ व्या कलमाखाली आल्या, तो आकडा जाहीर करावा. आकडा मोठा असेल तर कारवाई दाखवावी. शून्य असेल, तर आम्ही तो शून्य पहिल्या पानावर छापू आणि त्याच्या खाली बुटीबोरीच्या शंभर तळहातांचे फोटो छापू. चेहरा नाही, नाव नाही, नुसते हात, म्हणजे कोणाची नोकरी जायला नको. सहा महिन्यांच्या अटीत ठेकेदार बदलला तरी शेड आणि काम तेच असल्यास मोजणी चालू राहील, ही दुरुस्ती आमच्या खासदारांनी मागावी. महामार्गाच्या लांबीवर बोलताना एवढा श्वास उरतोच. आणि हजेरीचं मशीन अंगठा नाकारेल तर सुपरवायजरनं वहीत हजेरी लिहावी आणि खाली कारण लिहावं. कारणच लिहावं. मशीननं नाकारलेला प्रत्येक अंगठा म्हणजे ज्याची नोंद व्हायला हवी होती असा एक रोगी असू शकतो. यादी त्या मशीननं आपोआप करूनच ठेवली आहे.

बुटीबोरीच्या टी-पॉइंटवरच्या चहाच्या टपरीवर परवा एक जण ग्लास बोटांनी न धरता दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून पीत होता. ‘डॉक्टरले दाखवलं का?’ विचारलं, तर म्हणाला, ‘दाखवलं. म्हणे पाण्यात हात घालू नको. आता कामच पाण्यातलं हाय, तं का करू? ठेकेदार म्हणते, जमत नसन तं सांग, दुसरा पाह्यतो.’ मग खिशातून पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड काढला. स्कूटीवरच्या पोरी उन्हासाठी घालतात तसला, बायकोचा. रबरी मोज्याच्या आत हा घातला की घाम टिपतो, चीर कमी उकलते, हे त्यानं स्वतःच शोधून काढलं होतं. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ नेमकं हेच सांगतात. असा जोड नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळतो. बायको काय घालते मग, असं विचारायच्या आत त्यानं घड्याळ पाहिलं, आधी डावा, मग उजवा मोजा दातांनी ओढून चढवला आणि गेटाकडे चालू लागला.